ठासणकर

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, पेनसिल्व्हेनियात दोन प्रकारची माणसं भल्या सकाळी बर्फात घराबाहेर पडतात. पहिल्या प्रकारातली माणसं नातेवाइकांनी दिलेले स्वेटर दुकानात परत करायला निघालेली असतात. दुसऱ्या प्रकारातली माणसं वयानं सत्तरीची, गुडघ्यांनी नव्वदीची असतात आणि खांद्यावर अठराव्या शतकातली बंदूक टाकून हरणामागे निघालेली असतात. पहिल्यांच्या हाती निदान पैसे तरी लागतात.

दुसऱ्या प्रकारातला एक नमुना आमच्या शेजारी राहतो. त्यांचं खरं आडनाव जर्मन वळणाचं आहे, पण आमच्या घरात ते 'ठासणकर'. हे बारसं माझ्या बायकोनं केलं. आमचा मुलगा लहान असताना त्यांना तोंडावरच 'मिस्टर ठासणकर' म्हणायचा. 'आजोबा' या अर्थाचा हा काहीतरी आदराचा शब्द असावा, अशी त्यांची समजूत झाली, आणि आम्ही ती दूर केली नाही.

पण ठासणकर एकटे नाहीत, ती एक जमात आहे. लँकेस्टर, बर्क्स, नॉर्थॅम्प्टन या कौंट्यांमधून फिरलात तर दर दोन गावांमागे एखाद्या तळघरात असा एक गृहस्थ कानस घेऊन बसलेला सापडेल. याला कारण इतिहास. जर्मनी आणि स्वित्झर्लंडहून इथे आलेल्या कारागिरांनी अठराव्या शतकात आपल्याकडची आखूड, जाडजूड शिकारी रायफल हळूहळू ताणत नेली. नळी साडेतीन-चार फुटांची झाली. भोक बारीक झालं, म्हणजे शिसं कमी लागू लागलं. दस्त्याला लाटा लाटा उमटलेलं मेपलचं लाकूड आलं, आणि त्यात चरबीची फडकी ठेवायला पितळी झाकणाची डबी बसली. पुढे नाव झालं 'केंटकी रायफल' असं. हे नाव ठासणकरांसमोर काढलंत तर पुढचा अर्धा तास तुमचा नाही. 'घडवली आम्ही लँकेस्टरला आणि मिरवायची केंटकीनं!' लँकेस्टरचा नामांकित कारागीर जेकब डिकर्ट १८२२ साली वारला. पण ठासणकर त्याच्याबद्दल अशा सुरात बोलतात, जणू तो कालच यांची कानस उसनी घेऊन गेलाय आणि अजून परत केलेली नाही.

ही बंदूक उडवायची म्हणजे काय सायास असतात, ते आधी सांगायला हवं. नळीच्या तोंडातून दारू मोजून ओतायची. त्यावर चरबी किंवा थुंकी लावलेलं फडकं, फडक्यात शिशाची गोल गोळी, आणि हिकरीच्या लाकडी गजानं सगळं तळापर्यंत ठासायचं. मग लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, अंगाला असलेल्या इवल्याशा पेल्यात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळून आवळलेला चकमकीचा दगड असतो. चाप ओढला की तो पोलादावर घासतो, ठिणग्या पेल्यात पडतात, भडका उडतो, त्याची धग नळीच्या बुडाशी असलेल्या कानातून आत शिरते, आणि मग आतली दारू पेटते. यातला एक दुवा जरी निसटला तरी नुसतं 'फुस्स'. तरबेज माणसालाही दुसरा बार भरायला अर्धं मिनिट लागतं. ठासणकरांना चष्मा शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

ठासणकरांचं आवडतं वाक्य आहे, 'ही शेवटची.' आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून ते शेवटची रायफल बनवत आहेत. प्रत्येक शेवटचीला सबळ कारण असतं. आधीची जड झाली. मग खांदा दुखू लागला, म्हणून धक्का कमी देणारी हवी. त्यांना भोक आणखी बारीक करायचं होतं, पण पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनचा नियम असा की हरणासाठी ते .४४ इंचाहून लहान चालत नाही. ठासणकरांच्या मते हा नियम ज्यांनी केला त्यांचे खांदे तेव्हा तरुण होते. मग त्यांनी तोड काढली: मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशी नळी. जुने कारागीर अशीच करत; तिचा तोल हातात बरोबर बसतो आणि वजन जाणवत नाही. 'म्हणजे डिकर्टला माझा खांदा ठाऊक होता,' असं ते समाधानानं म्हणाले.

सौ. ठासणकर एकदा वैतागून म्हणाल्या, 'तुमच्या थडग्यावर मी हेच कोरून घेणार आहे: ही शेवटची.' त्यावर ठासणकर विचारात पडले आणि म्हणाले, 'दगड चकमकीचा मिळतो का बघ.'

या बाईंच्या सोशिकपणावर खरं तर वेगळा लेख व्हावा. लॉक लाकडात बसवायचं तर केसाइतकीही फट राहता कामा नये. त्यासाठी लोखंडाला काजळी फासायची, लाकडात दाबायचं, जिथे काळा डाग उमटेल तिथला पापुद्र्याएवढा कपचा पटाशीनं काढायचा, पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं. हे आठवडेच्या आठवडे चालतं. त्या काळात त्यांच्या घरातली काजळी कुठे नसते, ते विचारा. फ्रीजच्या दांडीवर, टीव्हीच्या रिमोटवर, जिन्याच्या कठड्यावर सगळीकडे ठासणकरांचे अंगठे. एका रविवारी ते चर्चमध्ये नाकाच्या शेंड्यावर काजळी घेऊन बसले होते, आणि पाद्रीबुवांना उपदेशात दोनदा थांबावं लागलं.

नळीचा तपकिरी रंग हीसुद्धा घरगुती आपत्ती. तिला मुद्दाम औषध लावून गंज चढवायचा, तो घासून काढायचा, पुन्हा चढवायचा. गंजाला दमट हवा लागते आणि घरात दमट जागा एकच. त्यामुळे सबंध आठवडाभर पाहुण्यांच्या न्हाणीघरात शॉवरच्या दांडीला नळी टांगलेली असते. त्यांची मेहुणी एकदा नेमकी त्याच आठवड्यात राहायला आली. तिनं आत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन विचारलं, 'हिची आंघोळ कधी आटपेल?'

उशांच्या अभ्र्यांचंही तेच. गोळीभोवतीच्या फडक्याला जे निळ्या पट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड उत्तम, तेच उशीला वापरतात. घरातल्या उशांना गोल भोकं पडलेली सापडल्यावर सौ. ठासणकरांनी नवऱ्याला कापडाच्या दुकानाचा रस्ता दाखवला. तिथे माझ्या बायकोनं त्यांना प्रत्यक्ष पाहिलं. खिशातून मायक्रोमीटर काढून ते प्रत्येक ताग्याच्या कापडाची जाडी मोजत होते, एका इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, 'कशासाठी हवंय?' ठासणकर म्हणाले, 'पन्नाससाठी.' ती म्हणाली, 'पन्नास उशा?' तिला .५० इंचाची नळी, .४९० ची गोळी आणि उरलेल्या फटीत बसणारं कापड हा सगळा हिशेब उभ्याउभ्या ऐकावा लागला. बिचारीची जेवणाची सुट्टी त्यात गेली.

पण एक क्षण असा असतो की तेव्हा सौ. ठासणकरही हातातलं काम टाकून तळघरात येतात. दस्ता तासून झाला (पॉलिशपेपर निषिद्ध, धारदार पात्यानं खरवडायचं, कारण जुने लोक तसंच करत) की त्यावर नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं पाणी फासतात. लाकूड आधी हिरवट, अगदी आजारी दिसू लागतं. मग त्याला आच दाखवायची. आच फिरेल तसतसा तो हिरवट रंग लालसर तपकिरी होत जातो आणि मेपलच्या पोटात लपलेल्या लाटा एकामागून एक वर येतात. मी हे एकदा पाहिलंय. ठासणकर तेव्हा बोलत नाहीत, आणि ठासणकर बोलत नाहीत ही गोष्ट पाहायलाच लोक यावेत अशी आहे. 'मी हे कितीदा तरी बघितलंय,' असं बाई म्हणाल्या, पण लाटा उमटून संपेपर्यंत जिन्यावरून हलल्या नाहीत.

त्यांच्या घरातली श्रद्धास्थानं म्हणजे जो किंडिग यांचं १९६० चं केंटकी रायफलींवरचं जाडजूड पुस्तक (नावातल्या 'केंटकी'बद्दल त्यांनी किंडिगना माफ केलंय), आणि वॉलेस गस्लर या कारागिरानं व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला जुन्याच पद्धतीनं संपूर्ण रायफल घडवली त्याचा १९६९ चा माहितीपट. तो ते दर हिवाळ्यात बघतात. नळीचं लोखंड ऐरणीवर जोडलं जातं त्या प्रसंगी शेजाऱ्यानं खोकू नये अशी अपेक्षा असते.

मी भारतातला आहे, याचं ठासणकरांना कौतुक आहे, पण ते योगविद्येमुळे नव्हे, सोऱ्यामुळे. बंदुकीच्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. त्यातला सोरा एके काळी मोठ्या प्रमाणावर बंगाल-बिहारमधून जगभर जायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा दारूच्या कारखानदार घराण्यातले लॅमो द्यू पाँ खास सोरा विकत घ्यायला सरकारतर्फे इंग्लंडला गेले होते. हे सगळं ठासणकरांनी मला पहिल्याच भेटीत, कुंपणावरून सांगितलं आणि शेवटी 'थँक यू' म्हणाले. बिहारच्या वतीनं मी ते स्वीकारलं.

त्यांची भारताविषयीची उरलेली माहिती तोड्याच्या बंदुकीपाशी संपते. म्हणून मी त्यांना माझ्या आजोळची गोष्ट सांगितली. सिंधुदुर्गात मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. चकमकीची नव्हे, केपाची. ती रानडुकरांसाठी होती, पण बहुतेक वेळा माकडं पांगवायला हवेत बार काढण्यापुरतीच बाहेर यायची. मामासुद्धा दर पावसाळ्यानंतर 'आता ही विकून टाकतो' म्हणायचा आणि तिला तेल लावत बसायचा. ठासणकर ऐकताना भावाची खबर मिळाल्यासारखे मान डोलवत होते. पण निवडणूक आली की मामाला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, हे सांगितल्यावर ते थबकले. 'मत द्यायला बंदूक जमा करायची?' आणि मग हळूच, 'परत देतात ना?' मी हो म्हटल्यावर त्यांनी दुसरा महत्त्वाचा प्रश्न विचारला, 'ठाण्यात तेल कोण लावतं?'

एका हिवाळ्यात त्यांनी मला सोबत नेलं. 'हरीण ओढायला तरुण माणूस हवा' असं म्हणाले. माझी पन्नाशी उलटली आहे, पण त्यांच्या मंडळींत मी तरुणच. चकमकीच्या बंदुकांचा हा खास हंगाम राज्यात १९७४ पासून आहे. ऑक्टोबरातही ठासणीच्या बंदुकांचा एक हंगाम असतो, पण त्यात दुर्बिणी लावलेल्या आधुनिक बंदुका चालतात, म्हणून ठासणकर त्याला 'सहल' म्हणतात. खरा हंगाम नाताळानंतरचा, जेव्हा बोटं वळत नाहीत, हरणं आधीच महिनाभर बंदुका ऐकून शहाणी झालेली असतात, आणि हवेतल्या ओलाव्यानं रंजकीचा चिखल होतो.

त्या दिवशीचा त्यांचा पोशाख बाहेरून १७७० सालचा होता: हातानं शिवलेला तागाचा अंगरखा, लोकरी पांघरूण, शिंगाचं दारूदान. आतून मात्र बॅटरीवर गरम होणारे मोजे आणि पाठीला डॉक्टरांचा पट्टा. मी मोज्यांकडे बघितलं तर म्हणाले, 'डिकर्टला मिळाले असते तर त्यानंही घातले असते.' कानातलं यंत्र त्यांनी काढून खिशात ठेवलं, बाराच्या आवाजानं बिघडतं म्हणून. (घरात तर बार होत नाहीत, मग घरात ते खिशात का असतं, असा सौ. ठासणकरांचा सवाल आहे.) बंदुकीचा कान मात्र ते दर थोड्या वेळानं तारेनं साफ करत होते.

दुपारी एक मादी खरंच आली. पन्नास पावलांवर उभी राहिली. ठासणकरांनी झाडाला टेकून नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. खट्. फुस्स. पेल्यातून एक भडका, धुराचा एक ढग, आणि बार नाही. हरीण आमच्याकडे बघत राहिलं. ठासणकर हरणाकडे बघत राहिले. मग त्यांनी नवी रंजक घालायला घेतली. त्यांचा हात कापत होता आणि अर्धी रंजक बर्फावर सांडत होती. हरणानं तेवढा वेळ दिला, आणखीही थोडा दिला, आणि मग कंटाळून निघून गेलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी कारणं दिली. हवा ओली. दगडाची धार गेलेली. इंग्लंडच्या ब्रँडनचा काळा दगड हवा होता, हा फ्रेंच होता. रंजक कानाच्या फार जवळ गेली असावी. वारा डावीकडून. मी प्रत्येक कारणाला हो म्हणत होतो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसांनी ही बंदूक का धरली आहे. दुर्बीण लावलेल्या नव्या रायफलीनं नेम चुकला तर चुकणारा एकच असतो. चकमकीच्या बंदुकीत मात्र दोषी ठरायला किती जण तयार असतात! दगड, पोलाद, ओलावा, फडकं, वारा. कापणाऱ्या हातावर बोट ठेवायची वेळच येत नाही. म्हातारपणाला इतकी सभ्य आडोशाची जागा दुसऱ्या कुठल्या छंदात मिळत असेल असं मला वाटत नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाला जे जे जमत नाही, घाई करणं, लगेच दुसरा बार टाकणं, लांबचं मारणं, ते या बंदुकीला पंचविशीतल्या माणसाच्या हातातही जमत नाही. तिच्यापुढे सगळे सारखेच म्हातारे.

घरी आल्यावर त्यांना उभं राहवत नव्हतं. तरी बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी गरम पाणी काढून नळी धुवायला बसले. दारूची राख ओलावा ओढते आणि रातोरात लोखंड खाते, म्हणून बंदुकीची आंघोळ आधी, मालकाची मागून. बार तर एकही झाला नव्हता, पण भरलेला बार रिकामा करायला निघताना त्यांनी मातीच्या बांधावर तो उडवला होता. तेव्हा बंदूक पहिल्या झटक्यात उडाली. 'बघितलंस?' ते म्हणाले. 'तिचा काही दोष नाही.'

डोळ्यांशी त्यांचं युद्ध जास्त काळ चाललं. वयोमानानं नेम धरायची मागची खाच धूसर दिसू लागली, तेव्हा त्यांनी ती उखडून नळीवर आणखी पुढे बसवली. दोन-तीन वर्षांनी आणखी पुढे. जुन्या जागा लोखंडानं बुजवल्या आहेत. त्यांच्या आवडत्या रायफलीवरच्या त्या बुजवलेल्या खुणांवरून त्यांच्या चष्म्याच्या नंबराचा इतिहास वाचता येतो. मग मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवं भिंग कसं बसवू, जवळचं वाचायला की लांबचं बघायला? ठासणकर म्हणाले, 'माशी दिसेल असं.' बाईंना वाटलं, घरात माश्या फार आहेत. मग त्यांनी पिशवीतून बंदुकीचा गज काढला, एक टोक गालाशी धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, 'एवढ्या अंतरावरचं स्पष्ट दिसलं पाहिजे. नेमाची पुढची माशी इथे असते.' बाईंनी शांतपणे टेप आणून अंतर मोजलं. पेनसिल्व्हेनियातल्या नेत्रतज्ज्ञांना याची सवय असावी. आता ठासणकरांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, रस्त्यावरच्या पाट्या जेमतेम दिसतात, पण चार-साडेचार फुटांवरची कुठलीही वस्तू लख्ख दिसते. जेवणाच्या टेबलावर समोर बसलेली बायको नेमकी त्या अंतरावर येते. 'ही किती छान दिसते, मी विसरलोच होतो,' असं त्यांनी आम्हाला सांगितलं. सौ. ठासणकर लाजल्या आणि म्हणाल्या, 'बंदुकीच्या कृपेनं.'

या वसंतात ते एका आमिश माणसाच्या लाकूड-गिरणीतून मेपलची ओली फळी घेऊन आले. अडीच इंच जाड. लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष, हा जुना हिशेब. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि गप्प बसलो. सौ. ठासणकरांनी ती मोठ्यानं केली. ठासणकर म्हणाले, बेरीज बरोबर आहे, पण इलाज नाही. नात डावखुरी निघाली आहे. आजोबांच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. त्या डाव्या खांद्याला लावल्या तर पेल्यातला भडका थेट पोरीच्या तोंडासमोर उडणार. म्हणजे लॉक उलट्या अंगाला हवं, गालाचा उंचवटा उलट्या अंगाला हवा, सगळंच नव्यानं. शिवाय ती आता दहा वर्षांची आहे, हात अजून आखूड. फळी वाळेपर्यंत तिचा हातही लांब होईल आणि दस्ता बरोबर मापाचा होईल. 'लाकडाला घाई नाही, पोरीला घाई नाही,' ते म्हणाले, 'मग मीच कशाला करू?'

परवा सकाळी ते फळीची टोकं चिरू नयेत म्हणून त्यांना मेण लावायला माझ्याकडे जुनी कढई मागायला आले. आमचा मुलगा पोहे खात बसला होता. ठासणकर बरोबर चार फुटांवर थांबले आणि त्याच्याकडे बराच वेळ लख्ख बघत राहिले. मग त्यांनी खिशातून टेप काढली, काही न बोलता त्याच्या कोपरापासून बोटापर्यंत अंतर मोजलं आणि मला विचारलं, 'हा उजव्या हातानंच जेवतो ना?'

मी म्हटलं, 'हो. का?'

'काही नाही,' ठासणकर म्हणाले. 'उजव्या हाताचं एक लॉक पडून आहे माझ्याकडे.'